आधी पाणी बाहेर काढा : जुन्या फायबर होडीची घरच्या घरी दुरुस्ती



१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत हाताला जरा उसंत मिळते. मग ‘यंदाच्या पावसाळ्यात होडीचं काम उरकून टाकू’ असं घरोघरी ठरतं. हिशेब बरोबर वाटतो, पण फायबरच्या होडीला तो लागू पडत नाही. जुलैत कोकणातल्या हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. ओलसर अंगावर रेझिन नीट धरत नाही, आणि घाईघाईने मारलेलं ठिगळ पहिल्याच हंगामात सुटायला लागतं. म्हणून आज मी एकाच गोष्टीभोवती बोलणार आहे, आणि ती म्हणजे पाणी. ते होडीच्या अंगात कुठून शिरलं, बाहेर कसं काढायचं आणि परत शिरू कसं द्यायचं नाही, एवढं जमलं की बाकीचं काम अवघड नाही.

फायबर सडत नाही, असं आपण म्हणतो. काच आणि रेझिन सडत नाही, हे खरं. पण होडीत नुसती काच कुठे असते? इंजिन टांगतो त्या मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. बसायच्या आडव्यांत आणि तळाच्या फळीत लाकूड असतं. कुठे पोकळीत फोम भरलेला असतो. बोल्टच्या भोकातून थेंब थेंब पाणी आत जातं आणि वरून चकचकीत दिसणारी होडी आतून कुजत राहते. फोमने पाणी धरलं तर होडी जड होते, इंजिन तेवढंच असून पेट्रोल जास्त जातं, आणि दोष मात्र इंजिनाला मिळतो.

तेव्हा पहिलं काम तपासणीचं. होडी उलटी करा, गोड्या पाण्याने धुवा आणि छोटी लाकडी हातोडी घ्या. मडकं विकत घेताना आपण जसं वाजवून बघतो, तशी होडी नाळेपासून मागपर्यंत वीत-वीतभर अंतरावर वाजवत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो. जिथे बद्द आवाज येईल तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड गेलंय असं समजा आणि खडूने वर्तुळ करा. मग मागची फळी बघा. होडी सरळ असताना इंजिन थोडं वर उचलून त्याच्या पायावर हाताने भार द्या. फळी हलली, तिच्या कोपऱ्यात तडा उघडताना दिसला, तर संशय पक्का. खात्री करायची असेल तर आतल्या बाजूने, खालच्या भागात बारीक ड्रिलने भोक पाडा आणि बाहेर येणारा भुसा बोटात चोळून बघा. कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड शाबूत आहे. काळपट, ओला लगदा आला तर फळी बदलावी लागणार.

ज्या होड्या रोज पुळणीवर ओढल्या जातात त्यांचा तळ घासून काचेचे धागे उघडे पडतात. ज्या खाडीत नांगरून बारा महिने पाण्यात राहतात त्यांच्या तळाला फोड येतात. असा एखादा फोड टोकदार खिळ्याने फोडून बघा, पण डोळ्यांवर चष्मा लावूनच, कारण आतला द्रव कधी कधी दाबाने उडतो. तो चिकट असतो आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. बाहेरच्या चकचकीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, पाणी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधले सुटे राहिलेले घटक त्यात विरघळतात आणि आम्ल तयार होतं. हा द्रव आणखी पाणी ओढून घेतो, म्हणून फोड वाढत जातो. त्यावर नुसती पुट्टी भरून रंग मारला, तर आजार आतच राहतो.

आता होडी वाचवायची की सोडायची? भोकं, तडे, फोड, कुजलेली फळी हे सगळं दुरुस्त होतं. पण तळावर पाय देताच तो जागोजागी लवत असेल, आतल्या आडव्या पट्ट्या अंगापासून सुटल्या असतील आणि मूळ आकारच वाकडा झाला असेल, तर पैसे घालू नका. जुनी होडी फुकट मिळाली म्हणून ती स्वस्त पडते असं नाही.

वाचवायची ठरली, की सुकवणी. फोड आणि तडे ग्राइंडरने पक्क्या थरापर्यंत उघडे करा. मग गोड्या पाण्याने, शक्यतो कोमट पाण्याने, पुन्हा पुन्हा धुवा. ओल्या जागेवर पाणी कशाला, असं वाटेल. पण आत मीठ आणि आम्ल राहिलं तर ते हवेतला ओलावा खेचत राहतं आणि जागा कधीच सुकत नाही. धुतल्यावर होडी छपराखाली, वारा खेळेल अशी ठेवा. पंखा लावा, हवा तर मोठा बल्ब लावा. स्टोव्ह किंवा ज्योत नको. सुकली का हे बघायचं घरगुती साधन सोपं आहे. वीतभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक उघड्या जागेवर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस थांबा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. प्लास्टिक कोरडं निघालं तरच पुढे जा. यात आठवडे जातात, कधी महिनेही जातात.

म्हणून वेळापत्रक असं ठेवा. किरकोळ ठिगळं आणि तळाची झीज एप्रिल-मेच्या उन्हात करून घ्या. मोठं काम, म्हणजे फोडांचा तळ किंवा मागची फळी, असेल तर पावसाळ्यात फक्त उघडणं, धुणं आणि सुकवणं एवढंच करा. थर चढवायचं काम ऑक्टोबरच्या उन्हावर ठेवा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी असते, हे मलाही कळतं. पण दोन महिन्यांची कमाई वाचवायला जाऊन तेच काम पुढच्या वर्षी परत करावं लागलं, तर नुकसान दुप्पट होतं.

आता रेझिन. इथे जिवाशी गाठ आहे, म्हणून नीट ऐका. पॉलिस्टर रेझिन घट्ट होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक कोबाल्ट, हे जांभळट असतं. दुसरं हार्डनर, हे पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ही दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोघांना वेगळी मापं, वेगळ्या काड्या. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या आणि हार्डनर अगदी शेवटी, काम सुरू करताना घाला. बरंचसं रेझिन कोबाल्ट घातलेलंच मिळतं, तेव्हा घेतानाच दुकानदाराला विचारा. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० मिलिलिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खालचंच माप धरा आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका. डब्यात साठून राहिलेलं मिश्रण स्वतःच तापतं, धुरावतं. तसं झालं तर डबा मोकळ्या जागी वाळूवर नेऊन ठेवा. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. चष्मा हवाच, आणि उडालंच तर लगेच किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवून डॉक्टर गाठा. रेझिन आणि ॲसिटोन दोन्ही पेट घेतात, तेव्हा विडी-सिगारेट लांब. ग्राइंडर मारताना मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. काम झाल्यावर अंग थंड पाण्याने धुवा, ॲसिटोनने हात धुऊ नका.

भोक बुजवताना ठिगळाची ताकद त्याच्या कडेला असते. होडीचं अंग ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाभोवती सगळीकडे ६० मिलिमीटरपर्यंत उतरती घासणी करा, म्हणजे जाडीच्या बारापट. सरळ कापलेल्या कडेत भरलेलं ठिगळ बुचासारखं निघून येतं. घासल्यावर धूळ झटका, स्वच्छ फडक्याने ॲसिटोन पुसा आणि ते उडून जाऊ द्या. मग चौरस मीटरला ४५० ग्रॅमची काचेची मॅट घ्या. तिचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. आधी घासलेल्या जागेला रेझिन लावा, मग लहान तुकडा, त्यावर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. रोलर फिरवताना मॅट पांढरी दिसते तोवर तिच्यात हवा आहे. ती पारदर्शक झाली, खालचं अंग दिसायला लागलं, की थर बसला. एका दमात तीन-चार थरांच्या वर जाऊ नका, उष्णतेने अंग आवळतं.

मागची फळी बदलताना शक्यतो बाहेरचं कवच तसंच ठेवा आणि आतून उघडा. कुजलेलं लाकूड सगळं खरवडून काढा. नवीन प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचं मरीन घ्या. इथे एपॉक्सी रेझिन वापरा, कारण लाकडाला ते पॉलिस्टरपेक्षा कितीतरी घट्ट धरतं. प्लायवूडच्या कापलेल्या कडा एपॉक्सीने भरपूर पाजून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. मात्र एपॉक्सीबरोबर नेहमीची मॅट नको, विणलेलं काचकापड घ्या. मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. आणि एपॉक्सीवर नंतर पॉलिस्टरचा जेलकोट चढवू नका. पाणी आणि खरखरीत पॅडने पुसून घासा आणि पॉलियुरेथेन रंग द्या.

बोल्टची भोकं हा शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. भोक मापापेक्षा मोठं पाडा, जाडसर एपॉक्सीने बुजवा, वाळलं की त्यातूनच बोल्टच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टला लाकडाचा स्पर्शच होत नाही. बोल्ट ३१६ प्रतीचे स्टेनलेस घ्या आणि खाली पॉलियुरेथेनचा सीलंट लावा.

रंगकामात नोंदणीचा क्रमांक पुसला गेला असेल तर तो आहे तसा, ठळक पुन्हा लिहा. लांबी किंवा इंजिन बदललं असेल तर मत्स्य खात्याच्या परवाना कार्यालयात कळवा. ग्राइंडरची धूळ आणि उरलेली मॅट खाडीत टाकू नका, जाळूही नका.

होडी पाण्यात घालाल तेव्हा पहिल्या दिवशी जाळी घेऊन निघू नका. खाडीतच, शांत पाण्यात, जीवरक्षक जॅकेट घालून अर्धा तास फिरवा. परत वर काढा, आतून कोरड्या फडक्याने प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक ठिगळ पुसा. फडकं कुठे ओलं झालं तर तेवढी जागा त्याच दिवशी उघडा, सुकवा आणि परत बांधा. ते काम आज अर्ध्या दिवसाचं असतं, पुढच्या वर्षी तिथेच महिना जातो.