क्षमा आणि शासन

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ख्रिस्ती धर्मातील क्षमेविषयी बोलू लागले, की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ती अकारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने मार खाल्ला त्यालाच क्षमेचे पाठ द्यायचे आणि मारणाऱ्याला काही विचारायचे नाही, हा व्यवहार धर्माच्या नावाने सर्वत्र झाला. ख्रिस्ती राष्ट्रांतही झाला. परंतु मूळ शिकवण तीच आहे काय, हे तपासल्यावाचून ती झिडकारणे बरे नव्हे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय पाहावा. आपल्या बंधूला कितीदा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्र विचारतो. सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर पट, असे येशू सांगतो. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच अध्यायात थोडे आधी काय आहे, ते मात्र सहसा सांगितले जात नाही. ज्याने अपराध केला त्याच्याकडे जा, एकांतात त्याचा अपराध त्याच्या पदरात घाल. न ऐकेल तर एकदोघांना सोबत ने. तरीही न ऐकेल तर मंडळीपुढे गोष्ट मांड. म्हणजे क्षमेच्या आधी अपराधाचा स्पष्ट उच्चार आहे. गप्प बसण्याला तेथे क्षमा म्हटलेले नाही.

पुढचा दृष्टान्त तर सरळ देण्याघेण्याचा आहे. राजा एका चाकराचे 10,000 तालांतांचे कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून 100 दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी; तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार. म्हणजे सुटले ते 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे देणे, आणि गळा धरला तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी! मत्तयाने दिलेल्या प्रार्थनेतही ‘ऋण’ हाच शब्द आहे, आणि मराठी बायबलने तो तसाच राखला आहे. क्षमा करणारा वरच्या पायरीवरून दान करीत नाही. तोही ऋणकोच आहे, ही यामागची दृष्टी.

आता आपल्याच देशातील गोष्ट. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी 1965 पासून ओडिशात होते आणि बारीपाड्याला कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. (आनंदवन पाहिलेल्या माणसाला या कामाचे मोल सांगावे लागू नये.) 22 जानेवारी 1999 च्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर येथे ते व त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असता जमावाने गाडी पेटवून तिघांनाही जाळले. पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर त्यांच्यासोबत नव्हत्या, म्हणून वाचल्या.

ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्या बारीपाडा सोडून गेल्या नाहीत. कुष्ठरोग्यांचे काम त्यांनी 2004 पर्यंत चालवले. मात्र आपली क्षमा आणि कायद्याने व्हायची ती शिक्षा या दोन वेगळ्या बाबी आहेत, हेही त्यांनी सांगितले. या दुसऱ्या वाक्याकडे आपल्याकडील कौतुक करणाऱ्यांनी फारसे लक्ष दिले नाही. विधवेने क्षमा केली, आता प्रकरण कशाला उकरता, असा सूर काढणे सोयीचे होते ना!

दारासिंगला 2003 साली फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ती जन्मठेपेवर आणली. जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. परंतु त्या निकालपत्रात, स्टेन्स यांना धर्मांतराबद्दल धडा शिकवण्याचा हेतू होता, अशा आशयाचे वाक्य आले. देशभर निषेध झाल्यावर न्यायालयाने काही दिवसांतच ते गाळले. क्षमा आणि समर्थन यांतील अंतर येथे दिसते. ग्लॅडिसबाईंनी माणसांना क्षमा केली. कृत्याला कारण होते, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. ते वाक्य तसेच राहिले असते, तर ज्या अपराधाला त्यांनी क्षमा केली त्याचे अपराधपणच शासनाच्या दप्तरी थोडे कमी झाले असते.

एप्रिल 2025 मध्ये या खटल्यातील महेंद्र हेंब्रम हा दुसरा जन्मठेपेचा कैदी पंचवीस वर्षांनी चांगल्या वर्तणुकीवरून सुटला आणि तुरुंगाच्या दारात त्याला हार घालण्यात आले. नियमाप्रमाणे कैद्याला सोडण्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस बदलू शकतो हे आपणही मानतो. ते हार मात्र कशाबद्दल होते, हा प्रश्न ग्लॅडिसबाईंना नव्हे, तुम्हा-आम्हा नागरिकांना विचारलेला आहे.