गोळी सोडू नका, चरबी तपासून घ्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी मांडलेला विषय)



हिशेबाच्या आधी दहा मिनिटं मला द्या. वसुलीचा विषय नाही, घाबरू नका. एचआयव्हीच्या गोळ्या आणि आपलं हृदय, यावर बोलायचं आहे. बघा, लगेच माना खाली गेल्या! शेजारणीकडेही बघू नका. कोणाला आहे अन् कोणाला नाही, हे मला विचारायचंच नाही.

कापूस वेचणीच्या दिवसात मी एका ताईंच्या घरी गेले होते. गाव, तालुका सांगणार नाही. बारा वर्षांपासून त्यांची एआरटीची गोळी चालू होती, तब्येत ठणठणीत. चक्कर येते म्हणून त्यांनी खासगीत रक्त तपासलं, तर कोलेस्ट्रॉल 248 निघालं. दोनशेच्या आत पाहिजे असतं. घरातलं कोणीतरी म्हणालं, "या गोळ्यांनीच रक्त घट्ट झालं, आता अॅटॅक येईन." ताईंनी गोळी सोडली. मी गेले तेव्हा तीन आठवडे झाले होते. डबी देवघरामागे तशीच भरलेली.

आता घरचे पूर्ण चूक बोलले का? नाही. अर्धं खरं होतं, म्हणून तर ते जास्त घातक. एआरटीची काही जुनी औषधं रक्तातली चरबी वाढवायची. काहींनी तर गाल बसायचे, हातपाय काडीसारखे व्हायचे. दुसऱ्या टप्प्यातल्या काही औषधांनी आजही ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढू शकते. पण आता बहुतेकांना रोज एकच गोळी मिळते, टीएलडी. ती चरबीच्या बाबतीत बरीच सौम्य आहे. तिच्याने काहींचं वजन वाढतं, तेवढं लक्ष ठेवायचं.

उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही. हृदयाला त्रास देणारा मोठा गडी हा विषाणूच आहे. औषध नसलं की तो शरीरात सारखी सूज ठेवतो. बाहेर दिसणारी नाही, रक्तवाहिन्यांच्या आतली. चांगलं कोलेस्ट्रॉल कमी होतं, वाईट चरबी नळीच्या आतल्या बाजूला चिकटत जाते. ठिबकच्या नळीत क्षार बसतो ना, केळीवाल्यांना माहीत आहे, तसंच. गोळी चालू असली तरी ही सूज थोडी राहतेच. म्हणून एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

गोळी थांबवून पाहण्याचा मोठा अभ्यास जगात झालेला आहे, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. पाच हजारांवर लोक होते. तब्येत चांगली आहे म्हणून ज्यांची गोळी मधेमधे थांबवली, त्यांच्यात मृत्यू तर जास्त झालेच, पण हृदय, मूत्रपिंड अन् यकृताचे गंभीर आजारही जास्त झाले. म्हणजे हृदयाच्या भीतीने गोळी सोडली, तर हृदयाचाच धोका वाढतो. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

मग करायचं काय? चरबीवर वेगळा इलाज आहे. 2023 मध्ये आणखी एक अभ्यास आला. भारतासह 12 देशांतले एचआयव्ही असलेले 7,769 लोक, वय 40 ते 75. निम्म्यांना एआरटीसोबत रोज पिटाव्हास्टॅटिन ही चरबीची गोळी दिली. त्यांच्यात हार्ट अॅटॅक, लकवा असे मोठे प्रसंग सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले. पण मेडिकलवरून आपल्या मनाने अशी गोळी आणू नका. सिम्व्हास्टॅटिनसारखी काही औषधं एआरटीच्या काही गोळ्यांसोबत अजिबात चालत नाहीत. डॉक्टर कोणताही असो, एआरटीचं हिरवं पुस्तक दाखवा. दाखवायची लाज वाटत असेल, तर एआरटी केंद्रातच विचारा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजला केंद्र आहे. गोळ्या फुकट मिळतात. "माझी चरबी, साखर, बीपी कधी तपासणार?" हा प्रश्न स्वतःहून विचारायचा. तीस वर्षांवरच्या सगळ्याच बायांची बीपी आणि साखर आपल्या उपकेंद्रात मोफत बघतात, ते तर सगळ्यांनीच करा.

जेवणाचं लांबण लावत नाही. शेवभाजीवर तर्रीचा थर कमी करा, चार माणसांच्या घराला महिन्याला दोन लिटर तेल पुरतं. कळण्याची भाकरी अन् भाजी चांगलीच आहे. मिसरी मात्र सोडा. हे बोलले की तुम्ही हसता, पण मिसरी तंबाखूच आहे अन् तंबाखू हृदयाला नडतो.

अन् बायांचा अॅटॅक दरवेळी छातीत कळ घेऊन येत नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, दरदरून घाम, असंही होतं. "गॅस झाला" म्हणून ओवा खात बसू नका, 108 ला फोन लावा.

त्या ताई पुन्हा केंद्रात गेल्या, गोळी चालू झाली. पण तिथं जायला एवढा उशीर का लागला, हे नंतर कळलं आणि मला वाईट वाटलं. गाडीभाडं अन् तपासणीसाठी त्यांनी समूहाकडे पाचशे रुपये मागितले होते. सभेत विचारलं गेलं, "आजार कोणता? रजिस्टरला लिहावं लागतं." ताई म्हणाल्या, राहू द्या. एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा सांगतो की संमतीशिवाय कोणाचा आजार दुसऱ्याने उघड करायचा नाही. आपलं रजिस्टर तर गावात दहा हातांतून फिरतं.

म्हणून मी आज ठराव मांडते: आजारपणाच्या कर्जाला कारणाच्या रकान्यात फक्त 'औषधोपचार' लिहायचं, आजाराचं नाव विचारायचं नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर करा. सचिव ताई, लिहून घ्या.