इन्साफाचा तराजू आणि स्त्रीची साक्ष

बी. आर. चोप्रा यांचा ‘इन्साफ का तराजू’ हा हिंदी चित्रपट १९८० साली प्रदर्शित झाला. बलात्काराची फिर्याद घेऊन भारती न्यायालयात उभी राहते आणि पाहता पाहता तीच आरोपी ठरते. ती मॉडेल आहे, आरोपीशी तिचा परिचय होता, एवढ्या भांडवलावर बचावाचा वकील तिची संमती ‘सिद्ध’ करतो.

हे केवळ पडद्यावरचे नाट्य नव्हते. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. म्हणजेच संमती, असा तो तर्क!

बहिणीवरही तोच प्रसंग ओढवल्यावर भारती बंदूक उचलते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितो. पण मजूर स्त्रीने बंदूक कोठून आणावी? तिच्यासाठी वाट निघाली ती संघटित लढ्यातून. १९७९ साली चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने गृहीत धरावे.

फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य चव्हाट्यावर मांडू देणारे कलम मात्र २००२ पर्यंत टिकले. एका कलमाला एवढी वर्षे लागतात, हे ध्यानात ठेवूनच पुढची लढाई लढली पाहिजे.