पखवाजाचा माईक



निरूपण थोडं बाजूला ठेवून आज भजनी मंडळींशी बोलायचं आहे. आपल्या खाप्यासारख्या गावात मंडळ म्हणजे दहा-बारा माणसं, एक पेटी, एक पखवाज, टाळांच्या जोड्या आणि खंजिरी. त्यात एखादा असा असतोच, की ज्याचा हात लयीत बसत नाही. माणूस भला. एकादशी चुकवत नाही, सतरंज्या तोच घालतो, पखवाजही त्यानंच पदरच्या पैशानं आणलेला. पण अभंगाला रंग चढला की हा धावत सुटतो. मग टाळकरी एकीकडे, गाणारा दुसरीकडे.

अशा वेळी मंडळी काय करतात? तोंडावर कोणी बोलत नाही. साउंडवाल्याला खूण करायची आणि त्याचा माईक बारीक करायचा! तो बिचारा घाम गाळून वाजवतो आहे आणि मांडवात ऐकू येत नाही कोणालाच. आता सगळं मोबाईलवर उतरतं. घरी जाऊन तो ऐकेल, तेव्हा त्याला स्वतःचा पखवाज त्यात सापडायचा नाही. मायबाप हो, तोंडावर बोलले असते तर बरं, असं वाटेल त्याला. लय चुकणं हा हाताचा दोष. हा कावा मात्र मनाचा.

दुसरे म्हणतात, "महाराज, देव भावाचा भुकेला, ताल गेला तर गेला." हेही मला पटत नाही. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाही. पहाऱ्यानं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि तिथं कोणी परीक्षा घेत नाही. मानाची जागा, तरी ती सगळ्यांची. पखवाजाचं तसं नाही. त्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय पडतात. मागं बसलेल्या म्हातारीची टाळीसुद्धा त्यावर चालते. ठेका सुटला की ती टाळी वाजवायची थांबते, बोलत नाही काही. तिचं भजन तुटलं, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

म्हणून सांगायचं. पण कोणी आणि कुठं, हे पाहा. मंडळातल्या सगळ्यात हुशार वादकानं सांगू नये, त्यात 'मी' डोकावतो. वडीलधाऱ्यानं त्याच्या घरी जावं, एकट्याशी बोलावं. "तुम्हाला जमत नाही" हे काही सांगणं झालं का? "दुसऱ्या चरणानंतर लय वाढते" असं नेमकं सांगा. मग त्याच्यासोबत बसा. भजनी ठेका आठ मात्रांचा. एकानं टाळ धरावा, तोंडानं मात्रा मोजाव्या, सावकाश. बहुतेकांचा घात ठेक्यात होत नाही, लग्गी लावायच्या हौसेत होतो. तोवर काकड्याला त्यालाच वाजवू द्या. तिथं माणसं थोडी, चूक सावरून घेता येते.

आपल्या खाप्यात हातमाग पिढ्यान्‌पिढ्या चालले. नवं पोरगं आलं की कोणी त्याला लगेच मागावर बसवत नाही, आधी कांड्या भरायला देतात. पुढं धोटा हाती आल्यावर सूत तुटतंच. जाणता विणकर उठून सूत जोडून देतो. पोराला हाकलत नाही, आणि तुटलेलं सूत तसंच ठेवून कापडही विणत नाही.

शहरात क्लास करून आलेल्या मुलांनो, तुम्हालाही एक ऐका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हाती घेतली ती खंजिरी. केवढंसं वाद्य, पण त्यावर त्यांनी गावंच्या गावं प्रार्थनेला बसवली. तुकोबारायांचे १४ टाळकरी परंपरा सांगते. त्यातले संताजी जगनाडे चाकणचे, तेलघाण्यावरचे. ते लोकांच्या ध्यानात राहिले ते तुकोबांचे अभंग लिहून ठेवले म्हणून. टाळ किती सुरेख वाजवत, हे कोण विचारतो? तेव्हा तुमचे बोल, तुमचे तिहाई चांगलेच आहेत, शाबास. पण शेजारच्याची लय सुटली की त्याच्याकडे पाहून हसायचं नाही. टाळ ठळक वाजवायचा, म्हणजे त्याला परत यायला वाट दिसते.

आणि सगळं नीट करूनही तो रागावला, पखवाज माझा म्हणून उचलून घरी घेऊन गेला तर? नेऊ द्या. त्या दिवशी टाळावर भजन करा. दुसऱ्या दिवशी मात्र दोघं-तिघं त्याच्या दारात जा, पखवाज मागायला नाही, त्याला बोलवायला. इथं लोक आळस करतात. चार दिवस जातात, आठ जातात, बोलणं तुटतं. मग गावात दुसरं मंडळ उभं राहतं आणि आषाढीला धापेवाड्याला एकाच गल्लीतून दोन दिंड्या निघतात. विठोबा एक, गल्ली एक, आणि वाटेत एकमेकांना रामकृष्णहरिसुद्धा नाही.

बरं, पुष्कळ बोललो. चला, टाळ उचला. पखवाजाला कणीक लागली का? लय सावकाश धरा. आणि साउंडवाले दादा, पखवाजाचा माईक जरा मोठा करा.