बॉनेटखालचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलचेरा येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, मला भाषण करता येत नाही, माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. त्या म्हणाल्या, "तुला जे येते ते सांग." मला भाकरी येते, धान पाखडता येते, हे तुम्हां सर्वांनाच येते. मग विचार करता करता माझ्या लक्षात आले की या गावात तुम्हांला येत नाही आणि मला येते अशी एकच गोष्ट आहे. जीपचे बॉनेट उघडून आत उंदीर राहतात की नाही ते मला सांगता येते. हसू नका. पुढे ऐकाल तेव्हा हसू येणार नाही.

आमच्या घरी प्रवासी नेणारी जुनी डिझेल जीप आहे, ती तुम्ही सर्वजणी जाणता. आठवडी बाजाराला, लग्नाला, अहेरीच्या दवाखान्याला तुमच्यापैकी पुष्कळजणी तीत बसल्या आहेत. त्या जीपवर आमचे घर चालते. गाडीचे काम पुरुषांचे, घराचे आपले, अशी आमच्याकडे वाटणी होती, आणि मी आजवर बॉनेट म्हणजे काय ते पाहिलेही नव्हते.

२०२२ सालच्या जुलैत आपल्या जिल्ह्यात पूर आला, ते दिवस कोणी विसरले नसेल. नाले भरले, रस्ते बंद, आणि जीप अकरा दिवस छपरीत उभी. हे रोज सकाळी चहा पिऊन तिच्याकडे एकदा बघत आणि परत घरात येत. बाराव्या दिवशी पाणी ओसरले. त्याच रात्री शेजारच्या बंगाली माशीच्या सुनेच्या पोटात दुखू लागले. पहिलटकरीण होती. दवाखान्यात नेली तर डॉक्टरबाई म्हणाल्या, मूल आडवे आहे, ताबडतोब अहेरीला हलवा. रुग्णवाहिका त्याच तासाला दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती. माशी धावत आमच्या अंगणात आली. रात्रीचे अकरा वाजले असतील.

यांनी चावी फिरवली. टक असा आवाज सुद्धा नाही. परत फिरवली. दिवा नाही, हॉर्न नाही. चार पोरांनी धक्का मारला तेव्हा एंजिन सुरू झाले, पण काळा धूर ओकू लागले आणि दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखे थांबत थांबत चालू लागले. हेडलाइट लागेनात. तेवढ्यात माझ्या नाकाला वास आला. चुलीत ओली तणस घातली म्हणजे येतो तसा. बॉनेटच्या फटीतून धूर निघत होता. यांनी एंजिन बंद केले, माशीच्या सुनेला आम्ही हाताला धरून खाली उतरविले, आणि एका पोराने ओले पोते आणून आत दाबले. विझले, पण जीप गेली ती गेलीच. दुसऱ्या गल्लीतून दुसरी गाडी उठवून आणीपर्यंत दीड तास गेला. तो दीड तास ती पोरगी आमच्या ओट्यावर माझ्या मांडीवर डोके ठेवून होती. ती बंगालीत आईला हाका मारीत होती. मला बंगाली येत नाही, पण ती हाक कळण्याला भाषा लागत नाही.

ती वाचली, मूलही वाचले. आज ते पोर अंगणवाडीत जाते आणि आमच्या कोंबड्या पळविते. मूल जन्मल्यावर आठ दिवस काचेच्या पेटीत होते, ते दीड तासामुळे की आणखी कशामुळे, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. मला कोणी शब्दानेही बोलले नाही. माशी तर उलट पायसचा वाडगा घेऊन आली. तो वाडगा घेताना माझे हात कापत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने बॉनेट वर केले आणि मला हाक मारली, "वहिनी, तुमचा संसार बघा." खरोखरच संसार होता. बॅटरीशेजारी थाळीएवढे घरटे. त्यात तणस, पोत्याचे दोरे, माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी, मंडळाच्या मागल्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणाचे कपटे, आणि बॉनेटच्या आतले नमद्यासारखे अस्तर कुरतडून केलेला कापूस. मधोमध गुलाबी पिल्ले, सात. गरम नळीवर पडलेली तणस काळी पडली होती, धूर तिचाच. हवा शुद्ध करण्याचा जो डबा असतो, ज्याला एअर फिल्टर म्हणतात, त्याच्यात अर्धा पायली धान! त्यात मोहाच्या टोऱ्या आणि चिंचोकेही होते. एंजिनाला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती, काळा धूर त्यामुळे. सेल्फची वायर, हेडलाइटची वायर, हॉर्नची वायर, सर्व तांब्यापर्यंत सोललेल्या. डिझेलच्या रबरी नळीवर दातांच्या खुणा होत्या, पण भोक पडले नव्हते. मिस्त्री म्हणाला, "ही नळी फुटून तिथे तणस पेटली असती तर गाडीत बसलेली बाई..." आणि पुढे बोलला नाही.

मी ते धान हातात घेतले. आमचेच होते. भगिनींनो, इथे माझी खरी चूक सांगते. छपरीत जीपला लागून धानाची ढोली मीच ठेवविली होती, घरात ओल येते म्हणून. कोंबड्यांचा कोंडा तिथेच. जनावराची तणस तिथेच. उंदराला दारात धान्य, अंथरुणाला तणस, आणि निजायला ऊबदार लोखंडी खोली, तीही अशी की मांजराचा पंजा आत जात नाही. गणपतीचे वाहन उंदीर आणि उंदराचे वाहन आमची जीप, असे हे नंतर चेष्टेने म्हणत. मला त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

उंदीर वायर खातो ती भुकेने नव्हे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजविण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते, आणि वायरचे वेष्टण दाताला मऊ लागते. उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणजे पावसाळ्यात एक जोडी आली तर दिवाळीला धान निघेपर्यंत घरात वाडा झालेला असतो. आणि गाडी जितकी उभी राहील तितका त्यांचा वाडा निर्धास्त. रोज चालणाऱ्या गाडीत उंदीर शिरला तरी घरटे पुरे होत नाही.

उंदराच्या वाढीचे कारण उंदरात नसते, आपण त्याला काय देऊन ठेवतो त्यात असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावचे लोक भीतीने घरे सोडून बाहेर राहू लागले, धान्य मात्र घरांतच राहिले. उंदीर माजले, आणि १९९४ साली त्या गावात प्लेगची साथ आली. प्लेग हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता, मुंबईत १८९६ साली आला तेव्हापासूनचा. मला वाटत होते तो आजीबरोबर गेला.

आता मी आधी काय काय चुकीचे केले तेही सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. रागाच्या भरात मी बाजारातून विष आणले आणि छपरीत ठेवले. चार उंदीर मेले. त्यांतला एक डॅशबोर्डाच्या मागे जाऊन मेला आणि पंधरा दिवस गाडीत प्रवासी बसेना. पाचव्या दिवशी माशीचे मांजर अंगणात तडफडून मेले. ज्या घराने मला दोष दिला नव्हता त्याच घराचे मांजर! रात्री ओरडणारे घुबडही त्यानंतर कित्येक दिवस दिसले नाही. ते विषाने मेले की नाही हे मी सांगू शकत नाही, पण विष खाल्लेला अर्धमेला उंदीर ते आधी धरते एवढे खरे. आणि विषाची एक गोष्ट फार गंभीर आहे. ट्यूबमधून मिळणाऱ्या मलमांपैकी काहींत पिवळे फॉस्फरस असते. ते पोटात गेले तर दोन-तीन दिवस माणूस बरा दिसतो आणि मग काळीज म्हणजे यकृत निकामी होऊ लागते. त्याला उतारा असे औषध नाही. घरात पोर असेल, रागीट तरुण पोरगी असेल, तर ती वस्तू घरात आणूच नका. चुकून कोणाच्या पोटात गेलेच तर बरे वाटते म्हणून थांबू नका, ट्यूब हातात घेऊन त्याच घडीला दवाखाना गाठा.

डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या. वास गाडीतल्या माणसांना लागतो, उंदीर आठवड्यात सरावतात, आणि लहान मुलांना त्या पेपरमिटसारख्या दिसतात. मिरचीचे पाणी पहिल्या पावसात धुऊन जाते. मिस्त्री म्हणाला, तंबाखूची पाने बांधून ठेवा. तंबाखू आमच्या घरात खर्ऱ्याच्या रूपाने आहे, पण ती उंदरापर्यंत पोचण्याआधीच संपते. यांना मी म्हटले, तुम्ही बॉनेटमध्ये निजा, उंदीर येणार नाहीत.

उंदीर मारण्याची मोजदाद तर ऐकूच नका. २०१८ साली विधानसभेत एकनाथ खडसे यांनी सांगितले की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब दाखविला आहे. नंतर सरकारकडून खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नव्हे, गोळ्यांचा! मंत्रालयाला जे जमले नाही ते मला छपरीत काय जमणार? म्हणून मी मारणे सोडले आणि घर मोडणे धरले.

पहिल्याने ढोली हलविली. ती आता घरात आहे, खाली विटा आणि लाकडी पाट, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे मागे झाडता येते. कोंडा पत्र्याच्या पिंपात, झाकणावर दगड. छपरीची जमीन उघडी, रोज झाडलेली. उंदीर उघड्या जमिनीवरून जायला भितो, भिंतीच्या आडोशाने जातो. म्हणून पिंजराही भिंतीला लागून ठेवावा. त्यात सुक्या मासळीचा तुकडा लावावा, आणि पहिले तीन दिवस दार बांधून उघडे ठेवावे. नवी वस्तू पाहून उंदीर बिचकतो. तीन दिवस फुकट जेवला की चौथ्या दिवशी आपण दार सोडावे. हे मला एका माडिया आजीने सांगितले. बांधीतल्या धुऱ्यावरची बिळे खणण्यात त्या लोकांचा हात धरणारा कोणी नाही.

साफसफाईत मात्र घाई करू नका. माझ्या धाकट्या दिराने फुंकर मारून घरटे उडविले होते, ते अगदी चुकीचे. उंदराच्या मुतात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात, हातापायाच्या चिरेतून ते आत शिरतात. उंदरांच्या अंगावर राहणाऱ्या बारीक किडीच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो, आणि त्याची साथ २०१८ साली नागपूरकडे येऊन गेली. म्हणून एंजिन थंड असताना आधी बॅटरीची वजा खुणेची वायर दहा नंबरच्या पान्याने सोडावी. हातात रबरी मोजे, तोंडाला पदर नव्हे तर स्वच्छ दुहेरी फडके किंवा मास्क. घरट्यावर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबावे, मग ओल्या कापडाने उचलून पिशवीत बांधावे आणि खोल पुरावे. कोरडे झाडू नये. पाण्याचा पाइप एंजिनावर सोडू नये, वायरिंगमध्ये पाणी गेले तर उंदराने सोडलेले तेवढे आपण बिघडवितो. एअर फिल्टरचा डबा स्वतः उघडून बघावा. चार खटके असतात, डब्याच्या झाकणापेक्षा अवघड नाही. उघड्या वायरींना नुसती चिकटपट्टी लावून घेऊ नका, मिस्त्रीकडून झाळून वर नळी चढवून घ्या. पट्टी आमच्याकडे दोन महिन्यांत सुटली. हवा आत घेण्याच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी बसवून घेतली. प्लास्टिकची जाळी उंदराला न्याहारीच.

एकूण खर्च साडेसात हजारांच्या घरात गेला. विम्याचा कागद काढला तर आमचा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता निघाला, स्वतःच्या गाडीला काही नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर आज रात्री तो कागद वाचून घ्या.

आणि बॉनेट आता मी उघडते. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी, पावसाळ्यात आणि धान निघाल्यावर रोज. पहिल्या दिवशी खटका सापडेना, सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाने त्यात कशाला तोंड घालावे. माझे उत्तर तयार होते. ढोली माझी, तणस माझी, चिंधी माझ्या लुगड्याची, मग बघायचे कोणी? आता त्याच संध्याकाळी दिवा लावून झाला की विचारतात, "बघितलेस का गं आत?"

काल उघडले तेव्हा बॅटरीवर तीन चिंचोके आणि तणसाची एक काडी होती. म्हणजे कोणीतरी जागा पाहून गेले आहे. जीप आज बाहेर चिंचेखाली उभी केली आहे. चहापाणी झाल्यावर ज्यांना बघावयाचे असेल त्यांनी या. खटका कुठे असतो ते दाखविते, फिल्टरचा डबाही उघडते. माशीची सून येणार आहे, तिने आधीच सांगून ठेवले आहे की पहिल्याने ती उघडणार.