धुतल्यावर दिसणारे डाग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी दोन शब्द बोलावे असा आपला रिवाज आहे. यंदा पाळी माझ्यावर आली. मोठ्या विषयावर बोलण्याइतके माझे शिक्षण नाही. तेव्हा रोज हातात असतो तोच विषय घेते, आणि तो म्हणजे धुणे. धुण्यातही एकच गोष्ट सांगावयाची आहे. कपडा स्वच्छ दिसतो म्हणून आपण तो भिजवतो आणि धुऊन वाळल्यावर पाहतो तो त्यावर डाग! हा डाग आला कोठून? हा प्रश्न पडला नाही अशी बाई आपल्या अचलपुरात किंवा परतवाड्यात सापडावयाची नाही. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार घाईने दिले होते, आणि त्याची लाज मला आजही वाटते. ती हकीकत आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नणंदेच्या मुलीचे लग्न निघाले. हळद आमच्याच घरी होती. बैठकीत गाद्यांवर दोन नव्या पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. दिवसभर बायकांची ये-जा, कोणी नवरीला हळद लावून येऊन टेकते, कोणी लेकराला उचलते. रात्री मी चादरी काढल्या तेव्हा दिव्याच्या उजेडात मला त्या फक्त मळक्या वाटल्या. सकाळी आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईने त्या साबण लावून भिजवल्या, घासल्या आणि घाईघाईत एका पाण्यातून काढल्या. अंगणात मांडव असल्यामुळे पडवीतच सावलीत वाळत घातल्या.

दुपारी पाहते तर दोन्ही चादरींवर लाल ठसे! ठसेही कसे, तर हाताची चार बोटे उमटावीत तसे. घरात पाहुण्यांची गर्दी. एकीने पाहिले, तिने दुसरीला बोलावले, आणि घटकाभरात सगळ्या बायका चादरीभोवती गोळा झाल्या. एक वडीलधाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "लग्नाच्या घरात रक्ताचे हात? हे काही बरे लक्षण नाही. कोणीतरी काही केले आहे." दुसरीने विचारले, "चादरींना हात कोणाचा लागला होता?" हात लागला होता तो धुणाऱ्या बाईचा.

मी करणीवर विश्वास ठेवणारी नाही असे मला वाटत होते. म्हणून मी तिला करणीचे काही बोलले नाही. मी म्हणाले, "तू रंगीत लुगडे सोबत भिजवलेस, नव्या चादरींचा नाश केलास." ती म्हणाली, "बाई, म्या साबणच लावला जी, दुसरं काईच नाई केलं. मले नाई समजत हे कसं झालं." मी ऐकून घेतले नाही. त्या महिन्याच्या पैशांतून तीनशे रुपये कापले. पाहुण्यांतल्या दोघी-तिघी तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती नजर तिलाही कळली असणार. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

लग्न पार पडले. त्या वडीलधाऱ्या बाईंनी जाताना बजावले होते की चादरींवरून लिंबू उतरवून कापून टाका. मनाला पटत नव्हते, पण मोडवेना. मी चादर पुढे घेतली, लिंबू उतरवले आणि कापले. रसाचे थेंब एका लाल बोटावर पडले. पाहता पाहता तो लाल डाग पिवळा झाला! जेथे रस तेथे पिवळा, शेजारी लालच्या लाल. मी मुद्दाम दुसऱ्या ठशावर रस पिळला, तोही पिवळा झाला. त्या पिवळ्याकडे पाहताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही तर हळद!

भगिनींनो, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. लेकराचा पाय मुरगळला म्हणजे आपण हळद आणि चुना कालवून लेप लावतो. हळद पिवळी, चुना पांढरा आणि लेप मात्र लाल होतो. तेच माझ्या चादरीवर झाले होते. आमचा भाचा अमरावतीला विज्ञान शिकतो. त्याने सांगितले की हळदीच्या रंगाला कर्क्युमिन म्हणतात. चुना, सोडा, साबण असा अल्कधर्मी पदार्थ लागला की तो रंग लाल होतो, आणि लिंबू किंवा व्हिनेगर लागले की पुन्हा पिवळा होतो. हळदीने माखलेले हात चादरीला आदल्या दिवशीच लागले होते. फिकट पिवळे ठसे रात्री दिसले नाहीत, साबणाने ते लाल करून दाखविले इतकेच. एका पाण्याने साबण पुरता निघाला नाही म्हणून ते लालच राहिले. हा रंग उन्हात विटतो, परंतु चादरी वाळल्या सावलीत. मग मी त्या तीन पाण्यांतून काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकल्या. ठसे पार उडाले.

चादरी स्वच्छ झाल्या, पण मला त्या वापरवेनात. मी तीनशे रुपये घेऊन तिच्या घरी गेले. झालेला प्रकार सांगितला आणि माझी चूक झाली असे म्हटले. तिने पैसे घेतले. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "पैशाचं काई नाई जी बाई. पण त्या दिवशी त्या बाया माह्याकडे कशा पाहत होत्या, ते तुमाले कसं सांगू?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती आमच्याकडे पुन्हा कामाला आली नाही. मीही आग्रह केला नाही, कारण तो हक्क मी गमावला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी बांधून घेतली. डाग धुतल्यावर दिसतो, पण तो पडलेला असतो आधी. म्हणून धुणारीला विचारण्यापूर्वी कपडा आधी कोठे होता ते पाहावे. या दृष्टीने पाहू लागले तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ डाग मला उलगडले. त्यातले थोडे सांगते.

आपल्या भागात केळीच्या बागा आहेत. केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. हवा लागली की तो काळपट तपकिरी होतो. घरधन्याचा सदरा संध्याकाळी स्वच्छ होता आणि धुतल्यावर ठिपके आले, तर तो आठवड्यात केव्हा बागेत गेला होता ते विचारावे. हा डाग एकदा मुरला की निघणे कठीण. चीक पडल्याबरोबर वाळण्याआधी गार पाण्याने धुणे हाच खरा उपाय. संत्र्याच्या रसाचे असेच आहे. रस वाळला की दिसत नाही, पण त्यातली साखर राहिली असली तर इस्त्रीच्या उष्णतेने ती तांबूस होते आणि दोष इस्त्रीवाल्याला लागतो.

मेळघाटातून येणारा बिब्बा आपणा सर्वांना माहीत आहे. त्याच्या तेलाची काळी खूण कपड्यावरून जात नाही. म्हणूनच पूर्वी परीट कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी बिब्ब्याने खूण करीत आणि चुन्याने ती पक्की करीत. घरात औषधाला बिब्बा आणला तर कपड्यांपासून आणि लेकरांपासून दूर ठेवावा, त्याने अंगही उततें.

आता पाण्याचे. बोअरचे पाणी काढताना नितळ दिसते. पण त्यात लोह विरघळलेले असले तर हवा लागल्यावर ते गंजासारखे तांबूस होऊन खाली बसते. असे पाणी कपड्यात राहिले की वाळताना पिवळे-तांबडे ठिपके उमटतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवावे, सकाळी तळाशी तांबूस साका दिसला तर दोष पाण्याचा. येथे आपण हमखास चूक करतो. डाग घालविण्यासाठी ब्लीचिंग पावडर टाकतो. तिने लोहाचा डाग जात नाही, उलट पाण्यात विरघळलेले लोहही गंज होऊन कपड्यावर बसते. गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे व मग स्वच्छ पाण्याने धुवावे. मात्र ब्लीचिंग पावडर आणि लिंबू किंवा कोणतेही आम्ल एकत्र कधीही करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी जड असले तर आणखी एक प्रकार होतो. साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो धाग्यात बसून पांढरे कपडे राखट-पिवळट होतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या, दर्यापूरकडच्या आपल्या भगिनींना पाण्याचा हा जाच चांगला माहीत आहे. पिण्याच्या पाण्याचा जडपणा एका लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोय नसल्यास 600 पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. अशा पाण्यात कितीही घासले तरी कपडा उजळत नाही. तेथे साबणाच्या वडीऐवजी धुण्याची पावडर बरी, आणि शेवटचे खळबळणे साठविलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्यात करावे. "सून नीट धुणे धूत नाही" असे म्हणणाऱ्या सासूबाईंनी आधी विहिरीचे पाणी तपासावे.

भगिनींनो, करणीचा शब्द मघाशी आला म्हणून एवढेच सांगते. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमक्याने करणी केली असे म्हणून कोणाला छळणे हा आता गुन्हा आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधी हे आपल्याला सांगणारा माणूस आपल्याच मातीत झाला. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली येथून जवळच, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरात झाला. लोकांचे कपडे धुणाऱ्यांच्या कुळातल्या या माणसाने हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि कीर्तनातून लोकांच्या मनातले खुळे समज झाडले. अमरावतीला जाताना वाटेत वलगाव लागते, तेथेच 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांनी देह ठेवला. त्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले असेन. पण माझ्या घरातल्या लाल ठशांपुढे त्यांची शिकवण मला आठवली नाही, याचे वाईट वाटते.

म्हणून आज या ठिकाणी माझी एवढीच विनंती आहे. कपड्यावर डाग दिसला तर आरडाओरडा करण्यापूर्वी त्यावर लिंबाचा एक थेंब टाका. लगेच पिवळा झाला तर हळद समजा आणि कपडा उन्हात घाला. नाही झाला तर पाणी पाहा, बादली पाहा, कपडा घालून कोण कोठे गेले होते ते पाहा. आणि एवढे सगळे पाहून झाल्यावरही काही उमगले नाही, तर डाग राहू द्या. एक चादर डागाळलेली राहिली म्हणून घराचे काही बिघडत नाही. आपल्या घरी राबणाऱ्या बाईला मात्र रिकाम्या हाताने आणि खाली मानेने घरी पाठवू नका. माझ्या त्या दोन चादरी आज पांढऱ्याशुभ्र आहेत, पण ती बाई रस्त्यात भेटली म्हणजे मान माझी खाली जाते.