सिंगापूरला जाताय? जरा सावकाश बघा!

(रौप्यमहोत्सवी वर्षाची सहल फेब्रुवारीत सिंगापूरला नेण्याचे ठरले. शाळेत असताना बी विंगमध्ये राहायला आलेली आणि गेली १४ वर्षे सिंगापूरला स्थायिक असलेली आपल्या सोसायटीची एक माहेरवाशीण दिवाळीत आली होती. तिने सोसायटीच्या हॉलमध्ये सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सेक्रेटरी काकांनी मला सहलीचा कार्यक्रम आणि नावांची यादी दाखवली. ३२ नावं आहेत, त्यातली ११ पासष्टीच्या पुढची. कार्यक्रम असा की, रात्रभर विमानात बसायचं, सकाळी उतरायचं आणि तिथूनच थेट शहर बघायला बसमध्ये चढायचं. मग चार दिवस सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत एकही तास रिकामा नाही. पैसे वसूल होतील, पण माणसं आडवी होतील. म्हणून आज मी प्रेक्षणीय स्थळांची यादी वाचणार नाही, ती टूरवाले देतीलच. तिथे राहणारी माणसं त्या शहरात दिवस कसा काढतात, तेवढं सांगते.

पहिली गोष्ट हवेची. सिंगापूर विषुववृत्तापासून फक्त १३७ किलोमीटरवर आहे. तिथे आपल्यासारखे तीन ऋतू नाहीत. बाराही महिने दुपारी ३१-३२ अंश आणि रात्री २४-२५. आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, आपल्या मे महिन्यापुढे हे काहीच नाही. पण हवेतला दमटपणा इतका, की घाम वाळतच नाही. आपल्याकडची ऑक्टोबर हीट वर्षभर चालली आहे असं समजा. त्यात फेब्रुवारी हा तिथला त्यातल्या त्यात कोरडा महिना, तेव्हा महिना तुम्ही चांगला निवडलाय. तरीही छत्री हवीच. पाऊस आला तर विजांसकट कोसळतो आणि बहुधा तास-दीड तासात थांबतो. तेवढा वेळ आडोशाला उभं राहायचं. विजा चमकत असताना बागेत किंवा समुद्रकिनारी थांबायचं नाही.

म्हणून आमचा तिथला साधा नियम: सकाळ बाहेर, दुपार आत, संध्याकाळ पुन्हा बाहेर. अकरा ते चार उन्हात कोणी फिरत नाही. ते तास संग्रहालयासाठी, जेवणासाठी किंवा सरळ हॉटेलवर जाऊन पडण्यासाठी. आणि आत म्हणजे कडक एसी! बाहेर घामाघूम आणि आत हुडहुडी. सुती कपडे घाला, पण प्रत्येकाच्या पिशवीत एक शाल किंवा पातळ स्वेटर असू दे. नळाचं पाणी निर्धास्त प्या. रिकामी बाटली न्या आणि भरत राहा. डासांचं मलमही ठेवा, डेंग्यू तिथेही आहे.

घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. शिवाय तिथे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. म्हणजे आपल्याकडे साडेपाचला उठणाऱ्या आजोबांना तिथे जाग येईल तेव्हा आठ वाजलेले असतील. पहिल्या दिवशी लवकर उठायचा हट्ट नको आणि बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून आधीच कागदावर लिहून घ्या.

आता गोळ्यांवरून आठवलं. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, काही जोरकस वेदनाशामक गोळ्या यांना तिथे आधी परवानगी काढावी लागते. प्रत्येकाने आपल्या औषधांची यादी डॉक्टरांकडून तपासून घ्या, चिठ्ठी जवळ ठेवा, गोळ्या मूळ पाकिटातच न्या. प्रवास विमा काढताना आधीचे आजार लपवू नका. परक्या माणसाला तिथलं हॉस्पिटल फार महाग पडतं आणि लपवलेल्या आजाराचे पैसे विमा कंपनी देत नाही. अँब्युलन्सचा नंबर ९९५, पोलिसांचा ९९९.

बॅगेत काय नको, तेही ऐका. तंबाखू-गुटखा नको, ई-सिगारेट तर मुळीच नको. च्युइंग गमची आयात १९९२ पासून बंद आहे. आणि काकू, खसखस! तिथे ती अमली पदार्थांच्या नियमात येते. अनारसे घरी खाऊन या, डबा नेऊ नका. व्हिसा अधिकृत एजंटकडूनच काढा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसतील, तिथे भरू नका.

फिरण्यासाठी मेट्रो. तिथे तिला एमआरटी म्हणतात. १९८७ साली सुरू झाली आणि आता बहुतेक सगळीकडे पोचली आहे. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. परदेशात चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर तेच फाटकावर टेकवायचं, नाहीतर ईझी-लिंक कार्ड घ्यायचं. पण एका माणसाला एक कार्ड. नवरा-बायकोत एक कार्ड चालत नाही! बसमध्ये चढतानाही टेकवायचं आणि उतरतानाही. उतरताना विसरलात तर पूर्ण भाडं कापलं जातं. बस येताना हात दाखवायचा, नाहीतर ती न थांबता निघून जाते. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईवाल्यांची. आणि गाडीत खाणं-पिणं बंद, अगदी पाणीसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. तेव्हा गोळी घ्यायची ती स्टेशनात शिरण्याआधी.

आता पोटाचं. टूरवाले रोज त्याच पंजाबी हॉटेलात नेतील. एकदा तरी हॉकर सेंटरला जा. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने एका छपराखाली ओटे बांधून दिले, तेच हे. २०२० मध्ये या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. तिथे टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजा. आपण एसटीत रुमाल टाकतो ना, तसंच! जेवण झालं की ताट आपणच उचलून ठेवायचं, तो आता कायदा आहे.

शाकाहारी मंडळींनी नीट ऐका. ‘भाजी घातलेलं’ म्हणजे शाकाहारी नव्हे. चटणीत, रोजाक नावाच्या सॅलडमध्ये कोळंबीची पेस्ट असते, नूडल्सच्या रश्श्यात हाडं उकळलेली असतात. ‘नो मीट’ म्हणू नका, ‘व्हेजिटेरियन, नो फिश, नो प्रॉन, नो एग’ असं एकेक नाव घेऊन सांगा. उलट चिनी बौद्धांचे शाकाहारी ठेले असतात, तिथे थाळीत चक्क बदक आणि मटण दिसेल. दचकू नका. ते सोयाबीनचं आणि गव्हाच्या सत्त्वाचं असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्यात कांदा-लसूणही नसतो. फक्त अंड्याचं तेवढं विचारून घ्या.

चहा नुसता ‘तेह’ म्हणून मागितलात तर गोड कंडेन्स्ड दूध घालून मिळेल. मधुमेहवाल्यांनी पाठ करा: ‘तेह-सी कोसोंग’. म्हणजे बिनगोड दूध आणि साखर नाही. ठेल्यावरच्या माणसाला अंकल आणि बाईला आंटी म्हणायचं. तेवढं आपल्याला शिकवायला नको.

आता मुख्य मुद्दा. माझे आई-बाबा दरवर्षी दोन महिने माझ्याकडे येतात. पहिल्या वर्षी बाबा आमच्याशिवाय घराबाहेर पडत नसत. भाषा येत नाही, हरवलो तर काय, म्हणून. तिथे प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी पिनकोड असतो. तो आणि ब्लॉकचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून मी त्यांच्या खिशात ठेवला. टॅक्सीवाल्याला चिठ्ठी दाखवली की तो दारात आणून सोडतो. आता ७४ वर्षांचे बाबा एकटे बसने लिटल इंडियातल्या टेक्का बाजारात जातात, कढीपत्ता आणि नारळ घेतात, शेजारी डोसा खातात आणि येताना कोणाशी तरी ओळख करून येतात. इथे आपल्या गेटसमोरचा रस्ता ओलांडताना वॉचमनला हाक मारणारे बाबा! तिथला फूटपाथ सलग असतो, सिग्नलला गाड्या थांबतात, वाटेत बसायला बाक असतात. म्हातारपणी एकट्याने फिरता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला बाबांचा चेहरा बघून कळलं. काच लावलेल्या बसमधून ते कधीच मिळालं नसतं.

म्हणून कमिटीला एक विनंती. चार दिवसांतली एक सकाळ कोरी ठेवा. त्या सकाळी ज्येष्ठांनी दोघा-दोघांच्या जोडीने स्वतःच्या कार्डाने बाहेर पडावं. कुठे जायचं, त्याच्या तीन जागा सांगते.

एक, बोटॅनिक गार्डन्स. १८५९ सालची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा. स्टेशन बागेच्या दारातच आहे आणि बागेला तिकीट नाही. आतल्या ऑर्किडच्या बागेला मात्र तिकीट लागतं. आठ वाजता गेलात तर तिथली आजी-आजोबा मंडळी संथपणे ताई-ची करताना दिसतील. मागे उभं राहून हात हलवलेत तर कोणी हसणार नाही.

दोन, टेक्का बाजार आणि त्यापुढचा सेरंगून रोड. फुलांचे गजरे, वीरमाकाळीअम्मन देवीचं देऊळ, केळीच्या पानावरचं जेवण.

तीन, धोबी घाट! हो, स्टेशनचं नावच ते आहे. एके काळी आपल्याकडचे धोबी तिथल्या ओढ्यावर कपडे धूत. शेजारीच कॅथे इमारतीचा जुना दर्शनी भाग उभा आहे. तिथेच २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोसांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूणही आहे. मूळ स्मारक इंग्रजांनी परत आल्यावर पाडलं. टूरच्या कार्यक्रमात या दोन्ही जागा मला दिसल्या नाहीत. आपण तिथे जाऊन दोन मिनिटं उभं राहायला हवं.

तरुण मंडळींनाही एक सांगते. त्या सकाळी आई-बाबांना दर दहा मिनिटांनी फोन करू नका. त्यांच्या खिशात हॉटेलचा पिनकोड, तुमचा नंबर, गोळ्यांची यादी आणि थोडे सुटे डॉलर द्या. साडेअकराला ठरलेल्या स्टेशनवर भेटा. मग जेवण, दुपारची झोप आणि संध्याकाळी सगळे मिळून गार्डन्स बाय द बे. तिथल्या उंच लोखंडी झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, तोही फुकट.

तारखा पक्क्या करण्याआधी चिनी नववर्ष कधी आहे ते बघा. ते जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं आणि पहिले दोन दिवस बरीच दुकानं, ठेले बंद असतात.

शेवटी, चार जागा कमी बघितल्यात तरी चालेल. पण ३२ जण गेलात तर ३२ जण हसत, धडधाकट परत या. आणि परत आल्यावर आमच्या बाबांना नक्की सांगा, टेक्काच्या बाजारात कढीपत्ता कितीला मिळाला ते. ते विचारणारच आहेत!